प्रदर्शनापूर्वीचा चाचणी खेळ: कोणाला दाखवावा, काय विचारावे आणि उत्तरांचे काय करावे

प्रश्न असा आहे: एका स्वतंत्र दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट संकलनात आहे. सध्याची लांबी 118 मिनिटे आहे, पाठीशी स्टुडिओ किंवा वितरक नाही, आणि उरलेले पैसे साउंड मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र जुळवणे) व डीआय (चित्राचे अंतिम रंगकाम) यांच्यापुरतेच आहेत. निर्मात्याचे म्हणणे असे की प्रदर्शनापूर्वी चित्रपट अनोळखी प्रेक्षकांना दाखवून त्यांचे मत घ्यावे. दिग्दर्शकाला वाटते की तसे केल्यास चित्रपट इतरांच्या आवडीनुसार कापला जाईल. चाचणी खेळ करावा का, आणि करायचा असल्यास कसा?

करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र निर्माता ज्या कारणासाठी तो मागतो आहे, ते कारण मला पुरेसे वाटत नाही. चित्रपट आवडला की नाही एवढेच कळले, तर त्यातून संकलनाच्या टेबलावर करण्यासारखे फार थोडे हाती लागते. आपण पडद्यावर जे मांडले आहे असे समजतो, ते खरोखर तिथे आहे का, हे तपासण्यासाठी चाचणी खेळ असतो. दिग्दर्शक आणि संकलक महिनोन्महिने तीच दृश्ये पाहत असतात. दुसऱ्या दृश्यात दारात उभी असलेली बाई नायकाची थोरली बहीण आहे हे त्यांना पटकथेपासून ठाऊक असते, त्यामुळे ते प्रेक्षकाला कळते की नाही, हा प्रश्नच त्यांच्या मनात येत नाही. नवा प्रेक्षक तिला नायकाची बायको समजतो, पुढची चाळीस मिनिटे त्याच समजुतीने पाहतो आणि खेळ संपल्यावर "मध्ये जरा कंटाळा आला" एवढेच सांगतो. त्या कंटाळ्यापासून दारातल्या त्या बाईपर्यंत मागे जाणे, हे या सगळ्या खटाटोपातले खरे काम आहे.

दिग्दर्शकाची भीती निराधार नाही. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' या चित्रपटाचा चाचणी खेळ मार्च 1942 मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झाला. एक हलकाफुलका संगीतपट पाहून झालेल्या प्रेक्षकांसमोर हा संथ, उदास चित्रपट ठेवला गेला, आणि प्रतिसाद फार वाईट आला. पुढे पॅसाडेना येथील खेळाला बराच बरा प्रतिसाद मिळाला, तरी स्टुडिओने चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापला आणि शेवट नव्याने चित्रित करून घेतला. वेल्स त्या वेळी ब्राझीलमध्ये होते. या प्रकरणाचा दोष बहुधा चाचणी खेळाच्या पद्धतीवर टाकला जातो. माझ्या मते तिथे दोन स्वतंत्र गोष्टी बिघडल्या. प्रेक्षक भलत्याच मनःस्थितीत होते, आणि निष्कर्ष काढण्याचा अधिकार चित्रपट करणाऱ्याच्या हाती नव्हता. स्वतंत्र चित्रपटात दुसरी अडचण सहसा नसते. तरीही निर्माता आणि दिग्दर्शक यांनी खेळाच्या आधी एकत्र बसून अंतिम कटचा निर्णय कोणाचा राहील हे लेखी ठरवून घ्यावे, कारण वाईट प्रतिसादाच्या दुसऱ्या दिवशी हे बोलणे शांतपणे होत नाही.

आता वेळेविषयी. पिक्चर लॉक होण्याआधी, म्हणजे दृश्यांचे संकलन अंतिम ठरण्याआधी, खेळ झाला पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. लॉकनंतर एक दृश्य हलवायचे म्हटले तरी ध्वनी, संगीत आणि डीआय यांचे काम पुन्हा उघडावे लागते आणि त्याचे पैसे लागतात. पण फार लवकर दाखवण्यातही तोटा आहे. ज्या उणिवा तुम्हाला स्वतःलाच दिसत आहेत, त्या आधी दुरुस्त कराव्यात, नाहीतर प्रेक्षक त्याच सांगतील आणि तुम्हाला न दिसणाऱ्या उणिवा त्यांच्या मागे झाकल्या जातील. आमच्या व्यवसायात ही चूक फार सर्रास होते, कारण प्रत्येक माणूस तुमचा चित्रपट पहिल्यांदा एकदाच पाहू शकतो आणि हे भांडवल परत मिळत नाही, याचा विचार कोणी करत नाही. म्हणून आधी संकलनाच्या खोलीत पाच-सहा जणांना दाखवावे, त्यातून ढोबळ गोंधळ काढून टाकावेत, मग वीस-पंचवीस अनोळखी माणसांचा खेळ करावा, आणि शक्य असल्यास अखेरीस पन्नासच्या आसपास प्रेक्षकांचा एक खेळ खऱ्या पडद्यावर करावा.

अपूर्ण कट दाखवताना रंगातला फरक, राहिलेले व्हीएफएक्स (संगणकीय दृश्यपरिणाम) आणि तात्पुरते पार्श्वसंगीत हे सगळे प्रेक्षक चालवून घेतात. संवाद ऐकू न येणे मात्र ते चालवून घेत नाहीत. ऐकू आले नाही तर प्रेक्षक ते तांत्रिक कारण म्हणून नोंदवत नाही; त्याच्या लेखी ते पात्रच दूरचे होते, कथाच अस्पष्ट होते. त्यामुळे पैसे कितीही कमी असले, तरी संवाद स्वच्छ करून, पातळ्या सारख्या करून एक तात्पुरते मिक्स तयार करावेच, आणि खेळाच्या आधी त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर ते ऐकून पाहावे. तात्पुरत्या संगीताविषयी एक वेगळी सावधगिरी हवी. दुसऱ्या चित्रपटाचे भारदस्त संगीत लावून दृश्य भावले, तर ते दृश्यामुळे भावले की संगीतामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही, आणि तुमच्या संगीतकाराला पुढे त्या उसन्या संगीताशी झगडावे लागते. ज्या दृश्याच्या ताकदीविषयी शंका आहे, ते चाचणीत संगीताशिवायच ठेवावे, असे मी सुचवीन.

प्रेक्षक कोण असावेत, यावर बहुतेक जण फार कमी वेळ घालवतात. मित्र, नातेवाईक, कलाकार आणि पटकथा वाचलेले लोक वगळावेत. ते खोटे बोलतील म्हणून नव्हे, तर त्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट ते विसरू शकत नाहीत म्हणून. चित्रपट व्यवसायातले लोक वेगळ्या टप्प्यावर उपयोगी पडतात. ते संरचनेविषयी नेमके बोलतात, पण आपण हा चित्रपट कसा केला असता, याकडे त्यांचे बोलणे फार लवकर वळते. मुख्य खेळासाठी असा प्रेक्षक हवा, जो या प्रकारचे चित्रपट स्वतःहून, स्वतःचा वेळ देऊन पाहतो. संथ कौटुंबिक चित्रपट मारधाडीच्या चाहत्यांना दाखवून मिळालेला कंटाळ्याचा शेरा काही शिकवत नाही. तरी खोलीत थोडी विविधता असावी, विशेषतः वयाची, कारण एकाच पिढीला सहज समजणारे संदर्भ दुसऱ्या पिढीला निसटतात आणि हे कळण्याची दुसरी स्वस्त सोय नाही. निमंत्रणात कथानक सांगू नये. प्रकार, लांबी आणि साधारण वातावरण यांवरून माणसाने येण्याचे ठरवावे. हिंसा किंवा लैंगिक अत्याचाराची दृश्ये असतील तर त्यांची पूर्वकल्पना मात्र द्यावी.

खेळाच्या आधी दिग्दर्शकाने स्वतःसाठी एक कागद लिहावा, आणि मी या कागदाला प्रश्नावलीहूनही अधिक महत्त्व देतो. त्यावर आपल्याला वाटणाऱ्या शंका विधानांच्या रूपात असाव्यात: पत्र कोणी लिहिले हे प्रेक्षकाला मध्यापर्यंत कळते, वडिलांचा राग अन्यायकारक वाटतो, पण ते खलनायक वाटत नाहीत, शेवटच्या दृश्यात ती परत येणार की नाही याविषयी प्रेक्षकांत दोन तट पडतात आणि तसेच पडायला हवेत. शेवटचे उदाहरण मुद्दाम दिले आहे. संदिग्धता हवी असेल, तर कोणत्या प्रश्नाविषयी हवी आहे, हे आधी लिहून ठेवलेले बरे. नाहीतर खेळानंतर प्रत्येक गोंधळ हेतुपुरस्सर होता, असे स्वतःला पटवणे फार सोपे जाते.

खेळाचे सूत्रसंचालन दिग्दर्शकाने करू नये. ज्याचा चित्रपटाशी संबंध नाही, अशा शांत स्वभावाच्या माणसाने दोन वाक्यांत सांगावे की काम अपूर्ण आहे, आवाज आणि रंग तात्पुरते आहेत, आणि तुमचे प्रामाणिक मत हवे आहे. चित्रपटासाठी किती कष्ट घेतले, किती पैसे लागले, यातले काहीही सांगू नये. ते ऐकल्यावर सभ्य माणूस टीका करायला कचरतो. दिग्दर्शक खोलीत असावा, पण बाजूला किंवा मागे, जिथून त्याला पडदा कमी आणि माणसे जास्त दिसतील. लोक खुर्चीत कधी सरकतात, फोनचा उजेड कधी दिसतो, खोकला कधी वाढतो, नको त्या जागी हसू कुठे येते, हे टाइमकोडसह, म्हणजे चित्रपटातल्या नेमक्या वेळेसह, लिहून ठेवावे. पूर्ण शांततेलाही दोन जाती असतात, खिळून राहिलेली आणि सोडून दिलेली, आणि खोलीत बसलेल्या माणसाला त्यांतला फरक लगेच कळतो. विनोदी चित्रपट असेल तर प्रेक्षकांची परवानगी घेऊन खोलीतला आवाज रेकॉर्ड करावा आणि नंतर संकलनाच्या टाइमलाइनवर चित्रपटाच्या खाली जुळवून ठेवावा. कोणत्या हशाखाली पुढचा संवाद बुडतो आणि कुठे हसण्यासाठी ठेवलेली जागा रिकामी राहते, हे त्यातून नेमके कळते.

चित्रपट संपताच, कोणीही एकमेकांशी बोलण्यापूर्वी, प्रत्येकाने प्रश्नावली भरावी. हा क्रम मोडला की पहिल्या मोठ्या आवाजाच्या माणसाचे मत सगळ्यांचे मत होते. प्रश्नावली एका पानाची, दहा मिनिटांत भरून होणारी असावी. सुरुवातीला एकूण मत आणि इतरांना हा चित्रपट पाहायला सांगाल का, हे दोन प्रश्न ठेवावेत. त्यानंतर मी नेहमी विचारतो तो सर्वांत फलदायी प्रश्न: चित्रपटाची गोष्ट तुमच्या शब्दांत तीन-चार ओळींत लिहा. त्या ओळींत कोणाचे नाव आधी येते, कोणती घटना पूर्ण गळते, कोणते नाते चुकीचे सांगितले जाते, हे पाहिल्यावर निम्मी प्रश्नावली न विचारताही चालली असती असे वाटते. पुढे लक्षात राहिलेले दृश्य, लक्ष उडाले ती जागा, न समजलेली गोष्ट, सर्वांत जवळचे आणि सर्वांत परके वाटलेले पात्र. उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत. "मधला भाग संथ वाटला का?" असे विचारले की ज्यांना तो वाटला नव्हता त्यांनाही वाटू लागतो. शेवटाविषयीचा प्रश्न "तुमच्या मते शेवटी काय घडले?" असा असावा; आवडला का, हे त्यानंतर.

चर्चा अर्ध्या तासाच्या आत आटोपावी आणि तिथे दिग्दर्शकाने गप्प बसावे. एखाद्याने चुकीचा अर्थ सांगितला, की खुलासा करण्याची ऊर्मी येते. पण एकदा खुलासा झाला की पुढचे सगळे प्रेक्षक त्या खुलाशाला उत्तर देऊ लागतात, चित्रपटाला नाही. सूत्रसंचालकाने प्रत्येक मुद्द्यावर "आणखी कोणाला असे वाटले?" असे विचारून हात मोजावेत आणि लगेच "याच्या उलट कोणाला वाटले?" असेही विचारावे.

आता उत्तरांचे काय करायचे. दोन दिवस काहीच करू नये. त्यानंतर सर्व प्रश्नावल्या संकलकाबरोबर वाचाव्यात आणि प्रत्येक शेऱ्यातली तक्रार आणि उपाय वेगळे करावेत. तक्रार जपून ठेवावी, उपाय बाजूला सारावा. "तिच्या बालपणाचे एक दृश्य हवे होते", असे चार जणांनी लिहिले असेल, तर त्यांना बालपणाचे दृश्य हवे आहे असे नाही. तिने घर का सोडले, हे त्यांना पटलेले नाही, आणि ते कदाचित आधीच्या एका दृश्यातला क्लोजअप तीन सेकंद जास्त ठेवल्यानेही पटेल. तक्रार जिथे केली जाते, तिथे दोष असेलच असेही नाही. शेवट परिणाम करत नाही, असे सगळे म्हणतात, तेव्हा मी आधी पहिली वीस मिनिटे तपासतो, कारण जे पणाला लागले आहे ते तिथे नीट मांडले गेले नसेल, तर शेवटाला तोलायला काही उरत नाही. संथपणाची तक्रार तर क्वचितच लांबीची असते. नायकाला काय हवे आहे हे माहीत नसलेला प्रेक्षक दोन मिनिटांच्या दृश्यातही कंटाळतो. त्यामुळे 118 मिनिटांचा चित्रपट 100 वर आणा, असे कोणी सांगितले, तर आधी कोणत्या क्षणापासून घड्याळाकडे लक्ष गेले ते शोधावे, मग कात्री हाती घ्यावी.

उपाय शोधणे हे प्रेक्षकाचे काम नसते, याचे चांगले उदाहरण 1986 च्या 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' या संगीतपटाचे आहे. मूळ शेवटात नायक-नायिका मरतात आणि माणसे खाणारी झाडे जिंकतात. दिग्दर्शक फ्रँक ऑझ यांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी खेळात प्रत्येक गाण्याला टाळ्या पडत होत्या, आणि ती दोघे मेल्यावर खोली एकदम थंड पडली. शिफारस करणाऱ्यांचे प्रमाण 55 टक्के अपेक्षित असताना 13 टक्के आले. हाच शेवट रंगमंचावर चालला होता. ऑझ यांनी याची उकल अशी केली की नाटकात मेलेले कलाकार शेवटी नमस्काराला परत येतात, चित्रपटात येत नाहीत. ही उकल कोणत्याही प्रश्नावलीत लिहिलेली नसते. ती दिग्दर्शकालाच करावी लागते. शेवट बदलला गेला. तो बदलायला हवा होता का, यावर आजही मतभेद आहेत, आणि मला स्वतःला मूळ शेवट अधिक धारदार वाटतो, पण निदान योग्य होते.

एक दुरुस्ती दुसरीकडे काय मोडते, हेही पाहावे लागते. 'जॉज' या शार्कवरच्या थरारपटाच्या 1975 मधील चाचणी खेळांनंतर स्टीव्हन स्पीलबर्ग यांना प्रेक्षकांची आणखी एक किंकाळी हवी होती, म्हणून बुडालेल्या होडीच्या भोकातून मृत माणसाचे डोके बाहेर येते तो क्षण त्यांनी संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात चित्रित केला. किंकाळी मिळाली. पण पुढे शार्क अचानक पाण्याबाहेर येतो त्या क्षणाचा प्रतिसाद पूर्वीपेक्षा कमी झाल्याचे त्यांनीच नंतर सांगितले आहे, कारण प्रेक्षक आता सावध झाला होता. म्हणून बदलांनंतरचा पुढचा खेळ नव्या प्रेक्षकांसमोर, त्याच प्रश्नावलीसह आणि शक्यतो तशाच खोलीत करावा. दोन खेळांत तुलना करायची तर बदल चित्रपटात हवा, बाकीच्या गोष्टींत नको.

आकड्यांवर स्वतंत्र चित्रपटाने फार विसंबू नये. वीस जणांच्या खोलीत एक माणूस म्हणजे पाच टक्के. एकाला त्या दिवशी डोकेदुखी असली तरी निकाल हलतो. स्टुडिओंची प्रमाणे शेकडो प्रेक्षकांच्या खेळांवर आणि मोठ्या जाहिरातखर्चाच्या चित्रपटांवर बेतलेली असतात, ती इथे लावण्यात अर्थ नाही. गुणांच्या सरासरीपेक्षा त्यांची विभागणी पाहावी. सगळ्यांनी "बरा आहे" लिहिलेला चित्रपट मला जास्त काळजीत टाकतो. निम्म्यांनी तोंडभरून कौतुक केले आणि उरलेल्यांनी नाके मुरडली, तर कौतुक करणारे कोण आहेत, हे शोधून जाहिरात त्यांच्यापर्यंत नेता येते, कारण छोट्या चित्रपटाला इतरांना आग्रहाने सांगणारे थोडे लोकच तारतात.

पैसे नसल्यामुळे ऑनलाइन लिंक पाठवण्याचा विचार होईल. नात्यांचा गोंधळ किंवा कथेतील दुवे तपासण्यासाठी ते चालते, आणि कोणी कुठे थांबवले याची आकडेवारी काही सेवा देतात, ती उपयोगी असते. विनोद आणि भय मात्र एकट्याने फोनवर पाहणाऱ्याकडून तपासू नयेत. लिंक पासवर्डची आणि मुदतीची असावी, प्रत्येकाच्या प्रतीवर त्याच्या नावाचा वॉटरमार्क असावा. प्रत्यक्ष खेळात फोन बाहेर ठेवून घ्यावेत आणि गोपनीयतेच्या साध्या कागदावर सह्या घ्याव्यात. महोत्सवात पहिले प्रदर्शन हवे असेल, तर खेळाला तिकीट लावू नये, जाहिरात करू नये, आणि ज्या महोत्सवांकडे पाठवायचे आहे त्यांचे नियम आधी वाचावेत. निमंत्रितांच्या खाजगी खेळाला बहुधा हरकत नसते, पण पहिले प्रदर्शन कशाला म्हणायचे, याची प्रत्येक महोत्सवाची व्याख्या वेगळी असते.

कधी थांबायचे, हे आधी लिहिलेल्या त्या कागदावरून ठरवावे. ज्या शंका लिहिल्या होत्या त्यांची उत्तरे मिळाली, आणि नव्या खेळातल्या तक्रारी एकमेकींना छेद देऊ लागल्या, म्हणजे जे एकाला जास्त वाटते तेच दुसऱ्याला कमी वाटते, की चित्रपट लॉक करावा. त्यानंतर मिक्सिंग आणि डीआय झाल्यावर आणखी एकदा चार-पाच नव्या माणसांना तयार प्रत मोठ्या पडद्यावर दाखवावी; त्या वेळी कथेविषयी काही विचारू नये, फक्त सबटायटलमधल्या चुका, दबलेले संवाद आणि अंधारात हरवलेले चेहरे टिपून घ्यावेत.